केझियाची डब्यावरची प्रार्थना

मनामा (बहरीन), १२ ऑक्टोबर

प्रिय आईस,
प्रभूच्या नावात सलाम.

आम्ही मजेत आहोत. ह्यांच्या व्हिसाचं होईल, तू जिवाला लावून घेऊ नकोस. तुझे गुडघे कसे आहेत?

तुझी नात अगदी तुझ्यावर गेलीय. शाळेत डबा उघडला की केझिया हात जोडून मोठ्यानं प्रार्थना करते. पोरी हसायच्या, म्हणून मीच तिला म्हटलं, "अगं, मनातल्या मनात कर. चारचौघींत वेगळं कशाला दिसायचं?"

तर म्हणते कशी, "पण मम्मी, आय ॲम डिफरंट!" पंधरा वर्षांची पोर!

काल तिची मैत्रीण लाईबा जेवायला आली होती. रत्नागिरीकडची आहे, गोड मुलगी. मी पहिला घास उचलला, तशी ती म्हणाली, "आंटी, केझियाची प्रार्थना राहिली ना! शाळेत तर ती झाल्याशिवाय आम्ही कुणीच डब्याला हात लावत नाही."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई, तुला कधी सांगितलं नव्हतं, ऑफिसात मी सात वर्षं प्रार्थना न करताच जेवते.

आज ऑफिसात डबा उघडून हात जोडले. डोळे उघडले, तर शेजारच्या टेबलावरच्या सुनंदाताई घास हातात धरून थांबल्या होत्या.

तुझी,
रिबका