नाडीला बांधलेला रिमोट

तीर्थस्वरूप अक्कास,

तुझ्या टाचणीचा साष्टांग नमस्कार. (नाव तूच ठेवलंस. आता पोट सुटलं आहे, पण तू काही ते बदलत नाहीस. शिवाय साष्टांगातले दोन्ही गुडघे हल्ली वाकत नाहीत, तेवढे वजा करून आशीर्वाद दे.) आम्ही सगळे ठीक आहोत. तुझी तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण तू "बरी आहे" असंच सांगणार. न्हाणीघरात पडून हात प्लास्टरमध्ये गेला तेव्हाही फोनवर "बरी आहे" म्हणून ठेवून दिला होतास. आम्हाला कळलं ते तुझ्या शेजारणीकडून. म्हणून या वेळी पत्र लिहितो आहे. पत्र मध्येच ठेवून देता येत नाही. (येतं, पण पुन्हा उचलावंसं वाटतं.) आता प्लास्टर निघालं, एकटीचा स्वयंपाक सुरू झाला, आणि आमच्याकडे कायमची राहायला येणार नाहीस असं तू त्याच शेजारणीकरवी कळवलंस. त्या विषयावर पत्रात अवाक्षर काढायचं नाही, अशी हिने मला सक्त ताकीद दिली आहे. बायकोचा शब्द मोडायची माझी प्राज्ञा नाही. म्हणून पंख्याबद्दल लिहितो.

आम्ही पंखा घेतला. जमिनीवर उभा राहणारा, रिमोटवर चालणारा. कशाला घेतला ते विचारू नकोस. छताचे पंखे आहेतच आणि ते चांगले फिरतात. फक्त मागच्या खोलीतल्या पंख्याचं बटण कपाटामागे गेलं आहे, हे तुला माहीतच आहे. मागच्या उन्हाळ्यात तू सुजलेला पाय घेऊन आलीस तेव्हा त्याच खोलीत होतीस. उठायचं नाही, काही हवं असेल तर हाक मारायची, असं आम्ही तुला बजावलं होतं. तू एकदाही हाक मारली नाहीस. दुपारी ही चहा घेऊन गेली तर तू घामाने चिंब, हातात वर्तमानपत्राची घडी, आणि वर म्हणालीस की मला उकडतच नाही! जन्मभर इस्पितळात नर्स म्हणून पेशंटांच्या घंटेला धावलीस, पण स्वतः घंटा वाजवायची म्हटली की तुझ्या जिवावर येतं. आठवडा व्हायच्या आत बॅग भरून गेलीस. असो. मी पंख्याबद्दल लिहीत होतो.

दुकानात पंख्यांची रांग होती, कवायतीला पोरं उभी करावीत तशी. विक्रेता टाय लावलेला. (टायची गाठ चुकली होती. मी नीट बांधून दिली, तिथपासून तो आमचं ऐकू लागला.) तो सांगत होता की यात नैसर्गिक वाऱ्याची सोय आहे, म्हणजे वारा येतो, जातो, पुन्हा येतो. ही म्हणाली, वीज जाते-येते तेव्हा हा वारा आम्हाला घरी फुकट मिळतो. मग तिने प्रत्येक पंख्यासमोर खुर्ची मांडून डोळे मिटून बसायचा सपाटा लावला. बाकीची गिऱ्हाइकं तिला वळसा घालून जात होती. ती आवाज ऐकत होती. पंख्याचा आवाज आला की माणूस "माझ्यामुळे कोणाची झोपमोड नको" म्हणून तो बंद करून टाकतो, असं तिचं म्हणणं. (माणूस म्हणजे कोणीही. तू नव्हे.) मी माझ्या परीने पारख केली. शिंप्याच्या खिशात कागदी कटिंगचा तुकडा असतोच, तो जाळीसमोर धरला. सर्वांत खालच्या नंबरावर कागद थरथरला पाहिजे, पण उडता कामा नये. एकाच पंख्याला आम्ही दोघांनी मान डोलावली. एवढं एकमत आमचं लेकीच्या स्थळाच्या वेळीही झालं नव्हतं.

घरी आणल्यावर चाचणी म्हणून तो पुढच्या खोलीत माझ्या मशीनसमोर लावला आणि नेमका शेवटचा नंबर दाबला. टेबलावरची गिऱ्हाइकांच्या मापांची कागदी कटिंगं जी उठली, ती सगळ्या खोलीभर. गोळा करून लावताना वकीलसाहेबांची कंबर पोस्टमास्तरांच्या पायांवर आली आणि मी कापड तसंच कापलं. पोस्टमास्तर ट्रायलला आले तेव्हा पँट दोन्ही हातांनी धरून उभे होते. तरी तो सज्जन माणूस म्हणाला, धुतल्यावर आटेल बहुतेक.

आता रिमोट. तो मी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. एवढीशी वस्तू या घरात टिकायची कशी? (इथे चष्मा शोधायला दुसरा चष्मा लागतो.) आधी मी त्याला खोळ शिवली, आत मऊ अस्तर, आणि प्रत्येक बटणापुरतं एकेक काज. काजं हाताने केली आहेत, अक्का. इतकी नाजूक काजं मी नातवाच्या झबल्यालाही केली नव्हती. मग धंद्याची सवय आडवी आली. आमच्यात हरवण्यासारखी वस्तू बांधून ठेवतात; माझी कात्री टेबलाला, पेन बिलबुकाला. त्याच हिशेबाने मी चांगली मजबूत नाडी घेऊन रिमोट पंख्याच्या दांड्याला बांधून टाकला. हिने गाठ ओढून पाहिली आणि मला शाबासकी दिली. तेव्हापासून आम्ही खुर्चीतून उठायचो, पंख्यापर्यंत जायचो, रिमोट उचलायचो, नाडी पुरेल तितकं मागे सरायचो, नेम धरायचो आणि बटण दाबायचो. काय सोय झाली हो, असंही एकमेकांना म्हणायचो. लेक भेटायला आली, तिने हा प्रकार पाहिला, आणि ती भिंतीला धरून खालीच बसली. काय झालं ते तिला बराच वेळ सांगता येईना.

तिला समजवावं म्हणून मी ऐटीत मान फिरवायचं बटण दाबलं. रिमोट हातातून सोडला, तर पंख्याने मान फिरवली तशी नाडी मानेत अडकून ओढली गेली, रिमोट वर वर चढला आणि जाळीवर टकटक करू लागला. ही "आले, आले" करत दार उघडायला गेली. लेक पुन्हा खाली बसली. दारात कोणी नाही म्हटल्यावर हीसुद्धा हसली, आणि मग हसता हसता थांबली. म्हणाली, "अहो, वन्संनाही आपण असंच केलं होतं. उठू नका, हाक मारा. म्हणजे वारा त्यांचा आणि दोरी आपल्या हातात."

मी उठलो. कात्रीने नाडी कापली. (कात्री टेबलाला बांधलेली, त्यामुळे पंखाच टेबलापर्यंत ओढत न्यावा लागला.) कापताना तुझी फार आठवण आली, अक्का. पंखा आता मागच्या खोलीत ठेवला आहे.

अधिक काय लिहू? हिने घातलेली अट मी तंतोतंत पाळली आहे, याची नोंद घ्यावी. हाताला शेक देत जा.

तुझा,
टाचणी

ता. क. पाकिटात जो गुबगुबीत कापडी प्रकार आहे, तो रिमोट. सेल वेगळे गुंडाळले आहेत. त्याला आता नाडी नाही. तो तुझा आहे, आम्हाला परत पाठवायचा नाही. फक्त एवढंच, की तुझ्या घरी तो कशालाच चालणार नाही. जिथे चालतो तिथे तो तुलाच घेऊन यावा लागेल. आलीस की कोणाला हाक मारू नकोस. मी तुला कधी "उठू नकोस" म्हणणार नाही.

ता. क. दुसरा. पंखा चालू-बंद करायची बटणं त्याच्या अंगावर आहेत, पण मान फक्त रिमोटनेच फिरते, आणि हे मला पाकीट चिकटवल्यावर आठवलं, म्हणून पाकिटाच्या पाठीवर लिहितो आहे. आता तो तुझ्या रिकाम्या खाटेकडे तोंड करून थांबला आहे. वारा हवा असला की आम्ही दोघं त्या खाटेच्या कडेला जाऊन बसतो. मधली जागा सोडतो.

वन्संना सा. न. मी लिहिते आहे. पाकीट मी वाफेवर धरून उघडलं. तुम्हाला बोलवायचं नाही अशी ताकीद यांना दिली ती मीच. भावाने बोलावलं की तुम्हाला वाटतं, भावजयीच्या मनात काय असेल कोण जाणे. म्हणून मी बोलावते आहे. माझ्यासाठी या. दुपारी यांचं मशीन सुरू झालं की बोलायला मला कोणी नसतं. आणि हो, मान फिरवायचं बटण पंख्यावरही आहे, पाठीमागे खाली. यांना ते अजून दिसलेलं नाही. तुम्ही येईपर्यंत मी दाखवणार नाही.