घुबडाचा डोळा

चिऊ,

दर महिन्याला मुलांच्या घरी हस्तकलेचा खोका पाठवायचा, हा धंदा आपण दोघींनीच सुरू केला. पहिलं कागदी घुबड तू केलंस, एक डोळा पार गालावर. "अगं आई, ते अर्धं झोपलंय!" तू शाळेत गेल्यावर मी तो डोळा उपटून सरळ चिकटवला आणि झाकणावर त्याचाच फोटो छापला. तू ते झाकण पाहिलंस आणि पुन्हा आपल्या कामाच्या टेबलापाशी फिरकली नाहीस.

आता तू हॉस्टेलला. काल एका आईनं कळवलं, "फोटोसारखं होत नाही म्हणून मुलगी रडते." मी लगेच लिहिलं, "वाकडं असू दे, तिचं आहे. हात लावू नका."

परक्या बाईला सांगताना अडखळले नाही. हे पत्र मात्र चौथ्यांदा ड्रॉवरमध्ये जातंय.

तुझ्या घुबडाची झोप मोडणारी,
आई