सहा परस पाणी

आप्पा, तुम्ही दिलेली दोरी अजून माझ्याकडे आहे. काथ्याची, सहा गाठींची. ऑफिसच्या टेबलाच्या खालच्या खणात मोजमापाच्या यंत्रांशेजारी ती असते आणि कोणी विचारलंच तर 'जुनं काहीतरी' एवढंच मी सांगते. चौथीच्या परीक्षेत गणितात पैकीच्या पैकी पडले म्हणून तुम्ही ती वळून दिली होती. एक गाठ म्हणजे एक परस, माणसानं हात वर करून उभं राहिल्यावर होते तेवढी उंची. 'कुणाचा परस?' असं मी विचारलं होतं, तेव्हा तुम्ही हसून भिंतीला पाठ लावून हात वर केलात, आणि मी आईच्या शिवणाच्या टेपनं टाचेपासून बोटाच्या टोकापर्यंत मापलं. दोन मीटर एकोणीस सेंटिमीटर. तो आकडा मी पाटीवर लिहिला आणि पाटी पुसली तरी डोक्यातून गेला नाही. तुमचा चेहरा आता नीट आठवत नाही, पण तुमची उंची, हात वर केल्यावरची, मला सेंटिमीटरपर्यंत ठाऊक आहे.

त्याच उन्हाळ्यातली दुपार आहे. संगमाच्या वरच्या अंगाला, कुरुंदवाडच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर आपली काहील पाण्यात आहे. गुऱ्हाळातून बाद झालेली, गूळ कढवायची ती गोल लोखंडी काहील. तिला पुढं-मागं नसतं, त्यामुळं ती पाण्यात सतत गरगरत राहते आणि तुम्ही वल्ह्यानं तिला गप्प करत असता. डोहाशी आल्यावर मात्र वल्हं आत घ्यायचं, बोलायचं नाही, जाळ्याला हात लावायचा नाही, हे मला पाठ आहे. होळी झाली की नदी आटते आणि वरची-खालची सगळी मासळी या डोहात येते. भोई गल्लीतली माणसं त्याला माहेर म्हणतात. माहेरी आलेल्या लेकीवर कोणी जाळं टाकत नाही, म्हणून डोहात बारा महिने कोणीच टाकत नाही. पहिला पूर आला की डोह आपणहून मासळी खाली सोडतो, आणि तिच्यावर पुढं वर्षभर चुली पेटतात. हे सगळं मला माहीत होतं. तरी तुम्ही काहिलीतलं पाणी उपसायला पाठ फिरवलीत तेव्हा मी दोरीला दगड बांधला आणि ती डोहात सोडली. एक, दोन, तीन. सहावी गाठ हातातून गेली तिथं दोरी सैल पडली. ओढून घेतली तर दगड नव्हता.

तुम्ही मला मारलं नाही. दोरीचं टोक हातात घेऊन उन्हाला धरलंत. तुटलेल्या काथ्याला कुंचल्यासारखे धागे येतात, तसे नव्हते. टोकाला पीळ तसाच होता, गाठीचा वाक तसाच होता. गाठ सुटली नव्हती, सोडलेली होती. मला ती पक्की बांधता येत होती, तुम्हीच शिकवली होती. तुम्ही न्याहारीच्या फडक्यातली उरलेली भाकरी कुस्करून पाण्यात टाकलीत आणि इतकंच म्हणालात, 'माप घेतलं की गिऱ्हाईक येतंय, पोरी. ज्येचं माप न्हाई त्येला कोन इकत न्हाई.' मग बराच वेळ तुम्ही वल्हं उचललं नाही. मला तेव्हा भीती तुमच्या गप्प बसण्याची वाटली. आज विचार करते तेव्हा दुसरंच आठवतं. वल्हं आत होतं आणि काहील गरगरत नव्हती.

मी दहावीत असताना तुम्ही गेलात, ते काहिलीतच. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहिलं आणि त्यावर शंका घ्यायचं काही कारण नाही. पण तुम्हाला काठावर आणणारे काका, तुमच्याबरोबर तीस वर्षं जाळं ओढलेले, आईला सांगत होते ते मी दाराआडून ऐकलं. काहील भर डोहावर उभी होती. नांगर नव्हता, दोर नव्हता, वारा होता. 'वैनी, खिळ्यानं ठोकल्यावानी हुती.' त्या उन्हाळ्यातच आई मला घेऊन कोल्हापूरला मामाकडे आली. मामा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होते. पुढं मी पुण्याला सिव्हिल केलं, पाण्याखालच्या सर्वेक्षणाचं शिक्षण घेतलं आणि कोल्हापुरातच या कन्सल्टन्सीत लागले. मी नदीकाठची आहे हे इथं कोणाला माहीत नाही. कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

या वर्षी आमच्याकडे जे काम आलं त्याचं नाव मोठं आहे. नदी पर्यटनासाठी क्रूझ टर्मिनल. दोन मजली वातानुकूलित बोट, तरंगता धक्का, तिकीटघर, उपाहारगृह, दोनशे गाड्यांचं पार्किंग. बोटीला वळायला खोल पाणी हवं, म्हणून नदीच्या सात किलोमीटरचा तळ मोजायचा. मी नको म्हणू शकले असते. नदीच्या कामाला दुसरं कोणी तयार नव्हतं हे खरं आहे, पण मी नको म्हटलं नाही हेही खरं आहे.

एप्रिलमधल्या एका भर दुपारी आम्ही डोहावर आलो. बोट चालवणारा, मी आणि यंत्र. यंत्र पाण्यात आवाज सोडतं आणि तळावरून तो परत यायला लागलेल्या वेळावरून खोली काढतं. पडद्यावर तळाची रेघ उमटत जाते. डोहात शिरलो आणि रेघ खाली जायच्या ऐवजी वर आली. नऊ मीटरवर एक जाड, सलग तळ दिसायला लागला. दुसऱ्या फेरीत तसाच, तिसऱ्या फेरीत तसाच. मग मी यंत्राची तीव्रता बदलली आणि त्या तळाच्या खाली, चार मीटर खाली, खरा तळ उमटला. वरचा तळ मासळीचा होता. एकाला एक लागून, बोटीच्या आवाजानंही न हलणारी. मासे मोटारीपासून पळतात. हे पळत नव्हते. चालवणारा मालवणचा, समुद्रावर वाढलेला. तो पडद्याकडे बघून म्हणाला, 'मॅडम, हे काय झोपलेत काय सगळे?' मग हसला आणि हसणं मध्येच थांबवलं. खऱ्या तळाची खोली यंत्रानं तेरा मीटर चौदा सेंटिमीटर दाखवली. तुमचे सहा परस किती होतात ते मी कागदावर मांडलं नाही. मांडायची गरज नव्हती. काथ्याच्या गाठी इतक्या काटेकोर नसतात आणि वीस वर्षांत नदीचा तळ इतका जागच्या जागी राहत नाही, त्यामुळं या जुळण्याला काही अर्थ नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

यंत्र बरोबर आहे याची खातरजमा करायला खुणा केलेल्या साखळीला लोखंडी पाटा लावून तो ठरावीक खोलीवर सोडतात. तो यंत्राला दिसला आणि आकडा जुळला की झालं. मोटार बंद केली, साखळी मी धरली, पाटा तळापर्यंत सोडला, आकडे जुळले. साखळी ओढून घेतली तर पाटा नव्हता. तो अडकवायची कडी उघडी होती, तिचा आटे असलेला खिळा तिच्यातच लोंबत होता, पूर्ण उलगडलेला. खिळ्याला तार बांधायला हवी होती, मी बांधली नव्हती. कारण आहे. चालवणाऱ्यानं मोटार सुरू करायला हात घातला आणि म्हणाला, 'आपण वाहून नाय गेलो खाली?' उपग्रहाच्या नोंदीत चाळीस मिनिटं आमची बोट एका मीटरच्या आत उभी होती. डोहात भोवऱ्यामुळं संथ जागा असतात. त्यालाही कारण आहे.

काठावर काका होते. पाठीत वाकलेत, डोळे तेच. उन्हात जाळी वाळत घातलेली, आणि ते सुईनं एक भोक भरत बसलेले. मला एक अर्ज भरून घ्यायचा होता, प्रस्तावित जागेवर मासेमारी होते का, असल्यास किती कुटुंबं. मी गॉगल काढला नाही. त्यांनी मान वर केली, थोडा वेळ बघितलं आणि म्हणाले, 'या पावणं, बसा.' ज्या माणसानं मला खांद्यावर बसवून नदी ओलांडली होती, त्यानं मला पावणं म्हटलं. मी उभीच राहिले. 'या डोहात तुम्ही जाळं टाकता का?'

'डोहात? न्हाय.'

'तुमच्यापैकी कोणी?'

'कुनी न्हाय.' सुई थांबली होती. मी पुढचं विचारेन म्हणून ते थांबले होते. का टाकत नाही, एवढंच विचारायचं होतं. त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे नजर टाकली, परत माझ्याकडे बघितलं. 'आता काय. लिवलंयच की.'

'येतो मी,' माझ्या तोंडून निघालं, घाटावरच्या पोरी म्हणतात तसं. ते हसले नाहीत. 'सावकाश जावा, पावणं.'

ऑफिसात आल्यावर तळाच्या नोंदी साफ कराव्या लागतात. फांद्या, बुडबुडे, मासे, या सगळ्याला आमच्या भाषेत गोंगाट म्हणतात आणि तो पुसायचा असतो, तळ तेवढा ठेवायचा. मी दोन दिवस बसून वरचा तळ पुसला. एकेक ठिपका. नकाशावर डोह स्वच्छ, निळा, रिकामा दिसायला लागला. आमचे साहेब खुर्ची सरकवून आले आणि खूष झाले. 'वा मॅडम! देवानं टर्मिनल आधीच खणून ठेवलंय की वो! गाळ काढायचा खर्च वाचला.' जागा ठरली. डोहाच्या काठावर बारा खांब ठोकायचे, भोवती दोनशे मीटर होडी आणि जाळं बंद. अहवालात माझं वाक्य जसंच्या तसं गेलं. 'प्रस्तावित जागेवर मासेमारी होत नाही.' या वाक्यात एकही शब्द खोटा नाही.

मागच्या सोमवारी काका एसटीनं कोल्हापूरला आले. घाटावर नोटीस लागली होती, ती कोणाकडून तरी वाचून घेतली होती. साहेबांच्या समोर, खुर्चीच्या कडेवर, पायताण दाराबाहेर काढून बसले होते. साहेब म्हणाले, 'अहो मामा, तुमच्यातच विचारून लिहिलंय. तुम्ही तिथं मासे धरत नाही ना?'

'धरत न्हाई. खरं हाय ते. बाळंतिणीच्या खोलीत कोन जाळं टाकतंय, सायेब? ती खोली हाय म्हनून भाईर घर हाय. खांब ठोकलासा की खाली संगमाच्या पार फुडंपातुर कुनाच्या जाळ्यात काय यील, सांगा?'

'हे लेखी आहे का कुठं? कोणी सांगितलं तुम्हाला?'

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी समोरच्याच टेबलाशी होते. त्यांनी फक्त एकदा बोट दाखवलं असतं तर पुरे होतं. 'सांगनारा मेला,' ते म्हणाले, आणि उठले. जाताना मला म्हणाले, 'येतो, पावणं.' ही शिक्षा होती की मला झाकून घेणं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी मूळ फाईल उघडली. पुसण्याआधीची. त्यात वरचा तळ आहे, पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत. पाटा सोडला तेव्हाची नोंदही आहे, खाली जाणारी एक तिरकी रेघ. रेघ तळाशी पोचते, थांबते आणि बारा छत्तीसला नाहीशी होते. माझ्या वहीत साखळी ओढायला सुरुवात केल्याची वेळ बारा एकोणचाळीस आहे. वेळ मी घड्याळ बघून लिहिते, चुकत नाही. म्हणजे तीन मिनिटं पाटा नव्हता आणि साखळी माझ्या हातात ताठ होती. साखळीलाही वजन असतं. पण किती असतं ते मला माहीत आहे, आप्पा, आणि हातात होतं ते तेवढं नव्हतं. कोणी तरी दुसरं टोक धरल्यासारखं होतं. ओढत नव्हतं. धरून होतं.

नोटिशीवर हरकती द्यायला अजून चार दिवस आहेत. मी दुरुस्तीचं पत्र केलं आहे. मूळ नोंदी जोडल्या आहेत, न पुसलेल्या. डोहात मासेमारी का होत नाही ते एका परिच्छेदात लिहिलं आहे, साध्या शब्दांत. 'माहितीचा स्रोत' या रकान्यात तुमचं नाव लिहिलं आणि पुढच्या रकान्यात, 'सर्वेक्षकाशी नातं', तिथं 'वडील'. उद्या सकाळी ते साहेबांच्या टेबलावर ठेवीन आणि एक प्रत काकांना नेऊन देईन. नोकरीचं काय होईल माहीत नाही. पत्रानं डोह वाचेल असंही मी म्हणत नाही. माप तर आता झालं आहे.

हे दुसरं पत्र कुठं जाणार नाही. दोरीत गुंडाळून खालच्या खणात राहील. जे दुरुस्तीच्या पत्रात लिहिता आलं नाही तेवढं इथं लिहिते. 'मासेमारी करणारी कुटुंबं' या रकान्यातलं शून्य मी काकांना विचारून भरलं नव्हतं. शिरोळच्या रस्त्यावर, गाडीची काच वर करून, घाट दिसायच्या आधीच ते भरलं होतं. काका अक्षर वाचत नाहीत, म्हणून त्यांच्यासमोर कागद मी पालथा धरला नव्हता. शून्य कोणालाही वाचता येतं.