गडव्यावरचं नाव

सर, आज नव्या मुलांना शिकवताना तुमचा गडवा पुन्हा कामी आला. पुण्याच्या ऑफिसात गडवा म्हटलं की मुलं हसतात, म्हणून मी तांब्या म्हणते. पण उदाहरण तुमचंच. गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यावर भंडाऱ्यात तुम्ही काढलेला तो कॉम्प्युटर क्लास. मी प्रोग्रॅममध्ये एका ऑब्जेक्टला मेथड जोडली होती आणि तसल्याच दुसऱ्या ऑब्जेक्टवर ती चालेना, म्हणून मशीनला दोष देत रडत बसले होते. तुम्ही रागावलात, "कायले रडून राहिली? चाल माह्यासंग," आणि थेट समोरच्या पितळेच्या दुकानात नेलंत.

फळीवर एकसारखे गडवे मांडलेले आहेत. "हे सारे एकाच साच्याचे. आतापर्यंत किती बनले, हे गडवा सांगन का? साच्यालेच विचारा लागते. साचा म्हणजे क्लास, अन् ते झाली क्लास मेथड." मग एक गडवा उचलून, लग्नात आंदण देताना घालतात तसं माझं नाव घालायला तुम्ही कोरणाऱ्याला सांगता. तो विचारतो, "आडनाव बी टाकू का, सर?" माझी मान खाली जाते. तुम्ही म्हणता, "टाक ना. काहून नाही? गाव बी टाक." ठकठक संपते आणि गडवा माझ्या हातात येतो. "आता हे नाव याच्यावरच आहे. तू एकावर कोरलं अन् साऱ्या दुकानात शोधून राहिली. हे झाली सिंगलटन मेथड, एकाच ऑब्जेक्टची." मला वाटलं होतं, तुम्ही त्या दिवशी दिलेलं सगळंच मला समजलं.

आज एका मुलीनं विचारलं, "मॅडम, तुमच्या तांब्यावर काय कोरलंय?" मी नुसतं पहिलं नाव सांगितलं आणि पुढच्या स्लाइडवर गेले. फार लाज वाटली, सर. जे आडनाव तुम्ही भर दुकानात मोठ्यानं घालायला लावलंत, ते मी अजून सोसायटीतल्या दारावरही लावलेलं नाही. गडवा मात्र जपलाय. चिंचेनं घासते, त्यातूनच पाणी पिते. कोणी येणार असलं की नाव भिंतीकडे वळवून ठेवते.

तुम्ही असता तर चांगलंच झापलं असतं. तुम्हाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली, हे पत्र टाकायचं कुठे? घरी गेल्यावर आधी गडवा फिरवायचा, असं बसमध्ये अगदी पक्कं ठरवलं होतं. संध्याकाळी शेजारीण चहाला येऊन गेली. नाव अजून भिंतीकडेच आहे.