सर्वनामं आणि रिकामी खुर्ची

३ जून
महिनाअखेर विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होतेय. माझ्याइतकं इंग्रजी ऑफिसात कुणाला येतं? संकल्प: बाहेर जाणारं प्रत्येक पत्र आधी माझ्या टेबलावर. लोक सर्वनामं वाट्टेल तशी फेकतात. खुद्द मॅनेजर मॅडमच्या नोटिशीत 'ईच एम्प्लॉयी' आणि पुढे 'देअर'. एकट्या माणसाला चौघांच्या चपला. बोर्डावरच लाल गोल केला. मॅडमनी पाहिलं आणि सरळ केबिनमध्ये गेल्या. म्हणजे पटलं.

४ जून, सकाळ
हिने सांगितलं, ते आले होते आणि ते घेऊन गेले. कोण आले? काय नेलं? आधी नाव, मग सर्वनाम, हे चहा गार होईपर्यंत समजावलं. इस्त्रीवाला माझे शर्ट घेऊन गेला होता.

९ जून
मोठ्या गिऱ्हाइकाची तक्रार आलीय. उत्तर तयार आहे. फक्त कंपनीला 'इट' म्हणावं की 'दे', इथे अडलंय. रिसेप्शनवरच्या बाई दोनदा विचारून गेल्या. घिसाडघाई मला खपत नाही, असं सांगितलं.

१३ जून
गिऱ्हाइकाचाच फोन. बाईंनी घेतला. माफी मागितली, माल बदलून देते म्हणाल्या, वर त्याला हसवलंही. मी शेजारी उभं राहून चुका टिपल्या. तिकडच्या साहेबांना चक्क 'शी' म्हणाल्या. नंतर प्रेमाने समजावलं. त्यांनी तोंडावर रुमाल धरला, खांदे हलत होते. बिचारीला रडू आवरेना.

२१ जून
माझ्या टेबलावरचा पत्रांचा ढीग मॅडमनी उचलून बाईंकडे दिला. नव्या जबाबदारीसाठी मला मोकळं करताहेत. मेहुण्याला बढतीचं सांगून टाकलं. ऑर्डर तरी हातात पडू द्या, असं हिचं म्हणणं. हिचं नेहमीचंच.

२७ जून, दुपार
कुणी नसताना खुर्चीत बसून पाहिलं. एक चाक अडतं. बाईंना दुरुस्त करून घ्यायला सांगितलं. लगेच करून घेतलं. कामाची बाई आहे.

३० जून
बोर्डावर लावायची नोटीस मॅडमनी मुद्दाम माझ्याकडे तपासायला पाठवली. नव्या विभागप्रमुख: रिसेप्शनवरच्या बाई. लाल पेन्सिल घेऊन पुन्हापुन्हा वाचली. 'शी' होतं, 'हर' होतं. सगळी सर्वनामं त्यांचीच, आणि एकूण एक बरोबर. टाचण्या मीच लावल्या.

संध्याकाळी
मुलीने दारातच विचारलं, कोण झालं. 'त्या' एवढंच म्हणालो. नाव घ्यायला जीभ रेटेना. फार वाईट वाटत होतं. आतून हिने विचारलं, त्या म्हणजे कोण, आधी नाव सांगा.