दिवसातून दोनदा, हलक्या हातानं

४ मार्च, सोमवार
आज सात वेळा. बेसिनमध्ये पुन्हा गुलाबी फेस. मी हिच्या हातातून ब्रश काढून घेतला, तर म्हणाली, "अहो, सकाळपासून दात घासले नाहीत मी. चार माणसांत जायचं म्हणजे—" पुढचं विसरली. तशीच उभी, तोंडात फेस.

५ मार्च, मंगळवार
दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. आमच्या मुलीपेक्षा लहान आहेत. हिरड्या सोलवटल्यात, मुळं उघडी पडलीत. "आजोबा, दिवसातून दोनदा. दोन मिनिटं. मऊ ब्रश, पेन्सिलीसारखा धरायचा. दात घासायचेत, करपलेलं पातेलं नाही." हे थांबलं नाही तर खालचे चार दात जाणार. ही शहाण्या मुलीसारखी मान हलवत होती. रस्त्यात विचारलं, "कुणाचे दात दुखतायत?"

७ मार्च, गुरुवार
पटवून द्यायचं ठरवलं. चाळीस वर्षं दुसरं काय केलं मी? कारखान्यांच्या फाटकांवर, कर्णा बंद पडलेला असताना, हजार-हजार माणसांना पटवलंय. पुढच्या खोलीत उभा राहिलो. हिरडी म्हणजे काय, दातावरचा थर कसा झिजतो, स्वच्छतेचा अतिरेक हाही एक जुलूमच — रंगलं भाषण. हिनं हनुवटीला हात लावून ऐकलं. "पटलं," म्हणाली.
पाच मिनिटांनी नळाचा आवाज.

८ मार्च, शुक्रवार
तीनदा पटवलं. तिन्ही वेळा पटलं. नऊ वेळा घासले.

१० मार्च, रविवार
हिचा ब्रश लपवला. हिनं माझा घेतला. तोही लपवला, तर टॉवेलचं टोक दातांवर रगडत होती. ओठ फाटला. मी ओरडलो — फाटकावरचा आवाज, घरात, हिच्यावर. इतक्या वर्षांत कधी नाही.
मग न्हाणीघराच्या दारात बसून राहिलो. समोर कुणी असलं की मला बोलता येतं. मालक, मंत्री, कुणीही. इथे कुणाविरुद्ध बोलू? कपाटभर पुस्तकं वाचली, त्यात हे कुठेच नाही.

१२ मार्च, मंगळवार
मुलीचा फोन. सगळं सांगितलं.
"बाबा, तुम्ही बोललात की लगेच घासते का ती?"
"मी बोलतच असतो गं."
"तेच म्हणतेय मी."
चिडून फोन ठेवला. पण दुपारी मुद्दाम पाच मिनिटं बोललो आणि गप्प राहून पाहिलं. ही उठली. केसांवरून हात फिरवला, चपला शोधल्या. "यांची सभा सुरू झाली वाटतं. आवरायला हवं." आणि बेसिनकडे.
माझ्या प्रत्येक सभेला ही पहिल्या रांगेत असायची. निघण्याआधी दात घासायची, घाईघाईनं, जोरजोरात. शेजारी बायका बसतात, तोंडाला वास नको, म्हणायची. मी दारात उभा राहून हाका मारायचो.
म्हणजे मीच.

१३ मार्च, बुधवार
बोललो नाही. चारदाच घासले.

१६ मार्च, शनिवार
आता खुणा करतो. सकाळी आरशासमोर हिच्या शेजारी उभा राहतो. ब्रश पेन्सिलीसारखा धरतो, हिरडीकडून खाली, हळू. ही बघून बघून तसंच करते. रात्री जेवणानंतर पुन्हा एकदा. दोनदाच. फेस पांढरा.
फोन आला की जिन्यात जाऊन बोलतो. एका सभेचं बोलावणं होतं. नाही म्हणालो.

२६ मार्च, मंगळवार
डॉक्टरांनी तोंड तपासलं. "छान. राहतील दात. आजींना समजावलंत तरी कसं?"
मी नुसता हसलो. सवय झालीय.

३० मार्च, शनिवार
सकाळी दोघं आरशासमोर. हिनं चूळ भरली, माझ्याकडे वळून अदबीनं विचारलं, "इथे एक जण राहायचे. फार छान बोलायचे. ते गेले का हो?"
माझ्या तोंडात ब्रश होता.