गेली म्हटल्यावर

॥ श्री ॥
खैरोली, ता. पनवेल
९ डिसेंबर २०२४

चि. कमळाकर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. ताई, आता तरी मोबाईल घे, असं तू पुन्हा लिहिलंस. अरे बाबा, फोन कानाला लावून मी करू काय? डावा कान कधीच गेला. उजव्यात फक्त माझ्या थोरल्या जावेचा, हौसाचा आवाज शिरतो, तोही तिने कानाला तोंड लावलं तर. बाकी सगळे माझ्याशी पाटीवर लिहून बोलतात, शाळेतल्यासारखे. आणि माझ्या लेकाच्या, प्रणितच्या फोनवरून तुला काही कळवावं तर सगळं घर वाचतं. त्यापेक्षा पाकीट डकवलेलं बरं. तुला तिकिटाचा एवढा पुळका असेल तर उत्तर देऊ नकोस.

हौसाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. तिची लेक हेतल कामोठ्याला असते, ती ऑपरेशनसाठी मागे लागलीय आणि ही म्हणते, वाल निघू दे मग बघू. रुळापलीकडच्या मळ्यात यंदा वाल झकास आलाय. आम्ही दोघी रोज सकाळी जातो. पूल आहे, पण तो केवढा लांब, आमचे गुडघे तिथवर टिकत नाहीत. म्हणून रुळावरूनच. काळजी करू नकोस, आमची रीत आहे. रुळाशी आलो की हौसा मान कलती करून ऐकते. काही नसलं तर माझं मनगट दाबते आणि आम्ही निघतो. गाडी येत असली तर उभ्या राहतो, मग काम माझं. शेवटचा डबा डोळ्यांसमोरून सरला की मी म्हणते, गेली. त्याशिवाय ती पाऊल उचलत नाही. आमी दोगी मिळून एक आख्खी बाय हाय, असं ती पाव्हण्यांना सांगत असते.

शेजारी दुसरी लाईन घातलीय. दोन महिने झाले, तिच्यावर गाडीचं नाव नाही. बाया तिथे गोवऱ्या वाळत घालतात आणि शेळ्या ऊन खात बसतात. एवढा खर्च शेळ्यांसाठी केला की काय, देव जाणे.

चंद्रावतीला आशीर्वाद. तिच्या हातची शेव धाड, मग लोभ वाढतो की नाही ते बघू.
तुझी ताई,
दमयंती


॥ श्री ॥
मनमाड
१७ डिसेंबर २०२४

ती. दमाताईस,
कमळाकरचे शि. सा. न. वि. वि.

शेव चंद्रावतीने केली आहे. तिचं म्हणणं, ताईंना शेव आवडते की भावजयीला कामाला लावायला, ते एकदा विचारून घ्या.

ताई, तुझ्या पत्रातलं शेळ्यांचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. हसलो नाही. तीस वर्षं मी मालगाडीचा गार्ड होतो, म्हणजे सगळ्यात शेवटच्या डब्यात. ड्रायव्हरला पुढचं दिसतं. गाडी गेल्यावर मागे काय होतं, ते फक्त गार्डाला दिसतं. माझा डबा पुढे सरला की लोक लगेच रुळात उतरायचे. एकेरी लाईनवर त्यात धोका नसतो. दुहेरी लाईनवर मात्र जाणाऱ्या गाडीच्या आडून पलीकडची गाडी येते. ती दिसत नाही, आणि हिच्या खडखडाटात ऐकूही येत नाही. एकदा एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन माझ्या डब्यामागे उतरली. मी हात हलवत राहिलो. तिला वाटलं मी निरोप घेतोय, तिनेही हात हलवला. पुढचं मी चंद्रावतीलाही कधी सांगितलेलं नाही.

म्हणून एक काम कर. नव्या लाईनच्या सिग्नलवर दोन पट्ट्यांची फुली मारलेली असेल. फुली आहे तोवर सिग्नल चालू नाही. ती निघाली की लाईन सुरू झाली समज, आणि त्या दिवसापासून तुमची रीत बंद. गाडी गेली तरी गेली म्हणायचं नाही. दोन्ही बाजू मोकळ्या दिसेपर्यंत जागचं हलायचं नाही. हौसाताईला हे तिच्या भाषेत समजाव.

लोभ आहेच, तो असाच हुकूम सोडत राहो.
तुझा,
कमू


॥ श्री ॥
खैरोली
२८ डिसेंबर २०२४

चि. कमूस,
अ. उ. आ.

शेव संपली. डबा परत मागू नये.

तुझं पत्र हौसाला वाचून दाखवलं. मी मोठ्याने वाचते म्हणजे गावाला वाचून दाखवल्यासारखंच. तिने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, भावाला सांग, गाडी काय मांजर हाय का, पाय न वाजवता यायला? तुझ्या त्या गाठोडेवालीचं ऐकून मात्र पदर खाली घेतला. मग म्हणाली, तिच्यासंगं कोण नव्हतं. मला तू हायस.

मी फुली पाहून आले. आहे तिथेच आहे, तू उगाच घोर लावून घेऊ नकोस. रोज बघत जाईन. तुझ्या सिग्नलला रोज दर्शन देणारी एक तरी बाई निघाली, आनंद मान.

शेंगा भरत आल्यात. जानेवारीच्या शेवटी पोपटी लावू. शेंगा भाजायला मडकं आणलंय, त्यात घालायला भांबुर्डीचा पाला मळ्याच्या बांधावरच आहे. तू आणि चंद्रावती या. हौसा म्हणते, कमळाकरला शेंगा माझ्या हातच्याच खुडून घालीन, दिसो वा न दिसो, बोटांना कळतं. या म्हणजे या.

लोभ तर आहे, आता पाय इकडे वळू देत.
दमयंती


॥ श्री ॥
खैरोली
२० जानेवारी २०२५

चि. कमू,
अ. उ. आ.

तुझं कार्ड आलं. २६ तारखेला, रविवारी येताय, वाचून फार बरं वाटलं. शुक्रवारी सकाळी शेंगा खुडायच्या ठरवल्यात, म्हणजे ताज्या राहतील.

मोठी बातमी म्हणजे हौसा एकदाची तयार झाली. हेतल तिला डोळे तपासायला कामोठ्याला घेऊन गेलीय. ३ फेब्रुवारीला ऑपरेशन. गुरुवारी संध्याकाळी परत येईल. तिचा लेक हरेश टेम्पोने भाजी पनवेलला टाकायला जातो, येताना तोच तिला आणणार. घर कसं मुकं झालंय. म्हणजे मला ते मुकंच असतं, पण तू समजून घे. एकदा डोळे आले की ही बया मला विचारते कशाला? कान तिचे, डोळेही तिचे, मी आपली टोपली धरायला.

ती नाही म्हणून मळ्यातही गेले नाही. काल गावात भोंगा लावलेली रिक्षा फिरत होती. तीन फेऱ्या मारल्या. माणूस तोंड फाडून ओरडत होता आणि लोक दारात येऊन ऐकत होते. भंगारवाला असेल नाहीतर कोणाची जत्रा. हौसा असती तर कळलं असतं. कोणाला विचारायला जावं तर पाटी शोधा, खडू शोधा. राहिलं.

आणि हो, तुझ्या सिग्नलची फुली कोणीतरी नेली. सकाळी देवळाशी गेले होते, तिथून दिसलं. चुलीत घातली असेल मेल्यांनी. आमच्याकडे काही ठेवायची सोय नाही.

चंद्रावतीला सांग, गोडधोड करत बसू नको, नुसती ये. बाकी लोभ भेटीत मोजून घेऊ.
दमयंती


मनमाड
२३ जानेवारी, गुरुवार

ताई,

तुझं पत्र आत्ता मिळालं. फुली कोणी चुलीत घातलेली नाही. ती काढली आहे. लाईन सुरू होते आहे.

लगेच प्रणितला फोन लावला. तो पळस्प्याला कामावर होता. म्हणाला, मामा, सगळ्या गावाला माहीत आहे, भोंग्यावर तेच तर सांगत होते, शुक्रवारपासून गाड्या. मी विचारलं, आईला सांगितलंस का? तो म्हणाला, मला वाटलं काकीने सांगितलं असेल. हौसाताई गावात नव्हती, हे त्याच्या लक्षातच नव्हतं. घरी गेल्यावर सांगतो म्हणाला. मी बजावलं की पाटीवर मोठ्या अक्षरात लिही आणि ती वाचेपर्यंत समोरून हलू नकोस. हेतलचा फोन लागत नाही. हरेशचा नंबर माझ्याकडे नाही.

हे पत्र स्पीड पोस्टाने टाकतो आहे. तुला वेळेवर मिळणार नाही, ते मला कळतं. पण हात स्वस्थ बसत नाही. उद्या मळ्यात जाऊ नका. पोपटी नको, शेंगा नकोत. मी येतो, मग बघू.

कमू


मनमाड
६ फेब्रुवारी २०२५

ती. दमाताईस,
शि. सा. नमस्कार.

परवा रात्री आम्ही सुखरूप पोचलो. सुखरूप हा शब्द लिहितानाही जड जातो. हौसाताईच्या दहाव्याला तू भिंतीला टेकून बसली होतीस, तेच डोळ्यांसमोर आहे. चार घास खात जा. हरेश तुझी फार काळजी घेतो, हे पाहून धीर आला. प्रणितला जवळ घे. तो कामावरून आला तेव्हा तू झोपली होतीस, सकाळी तो उठायच्या आत तुम्ही दोघी निघून गेला होतात. ते पोर तुझ्याकडे मान वर करून बघत नाही. फोन मी केला होता ना, मग दोष असलाच तर माझाही आहे. शेंगाही माझ्यासाठीच होत्या.

ताई, एक गोष्ट तुझ्यापाशीच बोलतो. पंचनामा मी वाचला. त्यात लिहिलं आहे की मालगाडी पुढे गेल्यावर दृष्टी अधू असलेली बाई स्वतःहून रुळात उतरली आणि दुसऱ्या लाईनवरच्या गाडीखाली आली. गावही तेच म्हणतं. पण हौसाताई स्वतःहून कधी उतरत नसे. हे मला तुझ्याच पत्रातून माहीत आहे.

मी तिथे असताना विचारलं नाही. सांगावंसं वाटलं तर सांग, नाहीतर हे पत्र फाडून टाक. काहीही असलं तरी मी तुझा धाकटा भाऊच आहे आणि माझा लोभ त्या जुन्या लाईनीसारखा एकेरी नाही.
कमू


खैरोली
१२ फेब्रुवारी २०२५

चि. कमळाकर,
आशीर्वाद.

वर श्री घातली नाही. कशासाठी घालू?

तू गार्ड होतास, मागे वळून बघायची सवय तुझी सुटलेली नाही. तू बरोबर ओळखलंस. तू इथे होतास तेव्हाच सांगायचं होतं, दोनदा तोंड उघडलं. पण घर माणसांनी भरलेलं, आणि मला हळू बोलता येत नाही. बहिऱ्या माणसाला कुजबुज जमत नाही, कमू. माझं गुपित अख्ख्या आळीने ऐकलं असतं. म्हणून कागदावर लिहितेय.

गुरुवारी संध्याकाळी हौसा आली ती डोळे तपासताना दिलेला काळा चष्मा लावून. मी म्हटलं, आली नटी. फार हसलो. शुक्रवारी सकाळी निघालो. रुळाशी तिने मान कलती केली आणि माझं मनगट धरून ठेवलं, म्हणजे गाडी आहे. मालगाडी आली. लांबलचक. मी डबे बघत उभी. शेवटचा डबा आला, त्यात तुझ्यासारखाच एक माणूस उभा होता. त्याने आमच्याकडे बघून हात हलवला. मला तुझी आठवण झाली आणि मी हसले. मी हसले, कमू. तुझ्या गाठोडेवालीची नाही, तुझी आठवण झाली. डबा सरला आणि मी म्हटलं, गेली.

तिने पाऊल उचललं. मी टोपली घ्यायला वाकले. वर बघते तर माझ्या आणि तिच्या मध्ये गाडी. मला काहीच ऐकू आलं नाही. ती मांजरासारखीच आली. डब्यांच्या फटीतून पलीकडचा मळा दिसत होता, मला वाटलं हौसा पोचली असेल, चष्मा सावरत उभी असेल. गाडी थांबेपर्यंत मला तसंच वाटत होतं.

फुली निघालेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती. तू लिहून ठेवलं होतंस, ती निघाली की रीत बंद. आणि मी तुलाच गंमत म्हणून कळवलं की चुलीत घातली. गावाला माहीत होतं म्हणून कोणी मला सांगितलं नाही, हे खरं. पण मला तर तू आधीच सांगितलं होतंस. प्रणितचा काही दोष नाही, त्याला मी जवळ घेतलं. तुझा तर नाहीच.

पहिले काही दिवस भेटायला येणाऱ्या बाया पाटीवर लिहायच्या, कशी गेली? तो शब्द बघितला की मी पाटी पालथी घालायचे. आयुष्यभर हजारदा उच्चारला असेल. आता दुधावरची साय गेली, वीज गेली, एवढंही तोंडातून निघत नाही.

हरेश रोज संध्याकाळी येऊन बसतो. दहाव्याच्या दिवशी त्याने माझ्या पाटीवर लिहिलं, काकी, तुझा काही दोष नाही, आईला दिसत नव्हतं. ती पाटी मी अजून पुसलेली नाही. म्हणून माझ्याशी दुसरं कोणी काही बोलूही शकत नाही. सून वहीच्या कागदावर लिहून दाखवते, मी बघत नाही. ते वाक्य खोटं आहे आणि मी ते उशाशी घेऊन निजते. त्याच्या आईला दिसत नव्हतं, म्हणूनच ती माझं ऐकत होती. हे त्या पोराला माहीत व्हायला हवं.

मी त्याला सांगणार आहे. पण सांगितल्यावर तो काय म्हणेल, ते मला ऐकू यायचं नाही. जिच्या तोंडून ऐकलं असतं, ती राहिली नाही. घरातल्या कोणाला लिहायला सांगितलं तर ते दयेने काहीतरी गोड लिहितील. म्हणून तू ये. त्याच्यासमोर बस आणि तो जे बोलेल ते जसंच्या तसं लिहून माझ्यासमोर धर. शिवी दिली तर शिवी लिही. काही न बोलता उठून गेला, तर तेही लिही.

आल्यावर आधी ती पाटी तुझ्या हाताने पूस. माझ्याने होत नाही. एवढं झालं की लोभ ठेवायचा की नाही ते तू ठरव.

तुझी वाट बघत,
दमयंती